चार फूट दहा इंचांचा हिशोब

माझं ब्लाउज शिवायचं दुकान साताऱ्यात राजपथावरून आत वळणाऱ्या एका बोळात आहे. आठ बाय दहाची खोली, दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल. टेबल बाजारात मिळतं तसं नेहमीच्या उंचीचं आणलं होतं. वर्षभर पाठ दुखली. मग सुताराकडून त्याचे पाय चार बोटं कापून घेतले, तेव्हा कुठे थांबली. माझी उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर. टेबलाची अक्कल मला वर्षभरात आली, जेवणाची यायला मात्र त्रेचाळीस वर्षं लागली.

गेल्या पाडव्याला मी आणि माझी जाऊ एकाच दिवशी एका जिममध्ये नाव घालून आलो. दोघींच्या हातात एकच छापील कागद पडला: दिवसाला १२०० कॅलरी, दोन फुलके, एक वाटी भाजी वगैरे. जाऊ पाच फूट सहा इंच, ७४ किलो. मी ६४. घर एक, तवा एक, कागद एक. मार्गशीर्ष येईपर्यंत तिचे अकरा किलो गेले, माझे पाच. त्यातही शेवटचे दहा आठवडे काटा ५९ वर चिकटून बसला. सासूबाई म्हणाल्या, "धाकटी मन लावून करते. तू दुकानात बसून काय चरत असतेस देव जाणे."

मी चरत नव्हते. म्हणजे थोडी चरत होते, ते पुढे येईलच. पण मूळ गोंधळ कागदाचा होता. तो रेडीमेड होता, आणि रेडीमेड ब्लाउज आमच्यासारख्या बायकांच्या खांद्यावरून उतरतो. मी बी.कॉम. झालेली आहे, हिशोबाची भीती नाही, म्हणून वही घेऊन बसले. त्या वहीतलंच इथे मांडते. उंची पाच फुटांच्या आसपास किंवा कमी असेल, वजन उतरता उतरता अडलं असेल, तर वही-पेन घ्या आणि सोबत करत चला. पोटुशी असाल, बाळाला पाजत असाल, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा खाण्यावरून मनाचा त्रास पूर्वी होऊन गेला असेल, तर हे करू नका, थेट डॉक्टरांशी बोला.

आधी स्वतःचं माप

उंची नीट मोजा. मी वर्षानुवर्षं सगळीकडे "पाच फूट" लिहीत आले. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक आडवं धरून खडूची खूण केली, तर दोन इंच गायब. सकाळी मोजा, संध्याकाळी माणूस थोडा दबलेला असतो.

आता शरीर नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालवायला किती कॅलरी लागतात ते काढायचं. त्यासाठी १९९० मध्ये आलेलं मिफ्लिन-सेंट जिओर समीकरण आहे, आहारतज्ज्ञ आजही तेच वापरतात. बायकांसाठी ते असं: वजन किलोत घेऊन १० ने गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा. दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा, मग आणखी १६१ वजा करा.

माझं पाडव्याचं: ६४० अधिक ९१९, वजा २१५, वजा १६१. आले ११८३.
जावेचं, वय चाळीस: ७४० अधिक १०५०, वजा २००, वजा १६१. आले १४२९.

याला १.२ ने गुणलं की बैठं काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा खर्च मिळतो. इथे बहुतेक बायका चुकतात. "मी दिवसभर पायावर असते" म्हणून १.५ ने गुणून मोकळ्या होतात. मीही तेच केलं होतं. स्वयंपाक, धुणं, दुकान, पोरांचं दप्तर, या सगळ्याने दमायला होतं हे खरंच, पण दमणं आणि कॅलरी जळणं यांचा मेळ बसतोच असं नाही. मशीनवर बसून मी आठ तासांत मानेने दमते. म्हणून १.२ धरा, आणि चालणं वेगळं मिळवा, ते कसं ते पुढे सांगते.

गुणाकारानंतर मी १४२०, जाऊ १७१५.

हे दोन आकडे मी खडूने टेबलावर शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. १२०० च्या कागदावर तिची रोजची तूट ५१५ ची, माझी २२० ची. एक किलो चरबी जायला सुमारे ७७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे तिचा किलो पंधरा दिवसांत, माझा पस्तीस दिवसांत. दोघींनी अगदी सारखी शिस्त पाळली तरी! सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या "हं" म्हणाल्या.

पाकिटांमागे २००० कॅलरींचा आकडा असतो, तो विसरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला १६६० लिहिलंय, तो जास्त जवळचा. पण त्या तक्त्यातली बाई ५५ किलोची आणि १६२ सेंटिमीटर उंचीची धरलेली आहे. देशातल्या बायकांची सरासरी उंचीच जेमतेम पाच फूट, म्हणजे १५२ च्या आसपास भरते. तक्त्यातल्या बाईचा ब्लाउज माझ्या निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना ढगळ होईल.

आणखी एक. चाळिशी आली, आता चयापचय मंदावलं, असं आम्ही सगळ्याच म्हणतो. २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास आला. शरीराच्या मापाचा हिशोब धरला, तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत खर्च जवळपास तसाच राहतो, असं त्यात निघालं. मला ते वाचून जरा वाईटच वाटलं. चांगलं कारण होतं ते.

माया किती आहे

कापड बेतताना शिवणीच्या बाहेर आम्ही जे जास्तीचं कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. भरपूर माया असली की हात चुकला तरी उसवून भागवता येतं. माया अर्धं बोट असली की एक टाका वाकडा गेला तरी ब्लाउज गेला.

जावेची माया ५१५ ची होती. तिने दुपारी एक कंदी पेढा खाल्ला, शंभराच्या घरात, तरी चारशे उरले. माझी २२० ची. पेढा आणि एक साखरेचा चहा, की संपलं. त्या दिवशी माझं काही उतरलं नाही, आणि मला वाटत राहिलं की मी दिवसभर पथ्यात होते. बुटक्या बाईचं वजन अडतं त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

मग अकलेची दुसरी पायरी: "तर मी आणखी कमी खाते." मी हजारावर उतरले. पहिल्या आठवड्यात दीड किलो गेलं, मी खूश. ते बहुतेक पाणी होतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅममागे तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं, साठा संपला की ते निघून जातं. तिसऱ्या आठवड्यात दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मशीनची सुई नखातून आरपार गेली. त्या रात्री मी डब्यातले चार लाडू उभ्याने खाल्ले. तेव्हा ऐका: १२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पाठीशी असतील तर गोष्ट वेगळी. खर्चातून १५० ते २५० वजा करा, त्याहून जास्त नाही. वजा केल्यावर १२०० च्या खाली जात असेल, तर खाणं कमी करायच्या ऐवजी चालणं वाढवा.

आणि वजन उतरलं की हिशोब पुन्हा मांडा, हे कागद देणारं कोणी सांगत नाही. ५९ किलोला, वयाला एक वर्ष मिळवून, माझं समीकरण ११२८ देतं, गुणिले १.२ म्हणजे १३५३. पाडव्यापेक्षा ६७ नी कमी. लहान शरीर चालवायला कमी लागतं, इतकी साधी गोष्ट आहे. त्याशिवाय बरेच दिवस कमी खाल्लं की शरीर आणखी थोडी काटकसर करतं, माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी हाक मारून काम भागवतो. दर तीन किलोंनी नवं माप घ्या.

खरंच थांबलंय का

माझा वेग चांगल्या आठवड्यात दोनशे ग्रॅमचा. पाळीच्या आधी माझं वजन दीड किलोने वर जातं, आणि एखाद्या लग्नात मसालेभात, पापड, लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर. हे सगळं पाणी. दीड किलोच्या लाटेत दोनशे ग्रॅम कसे दिसणार? जावेचे आठवड्याचे चारशे-पाचशे ग्रॅम दिसायचे, कारण तिची घट माझ्या दुपटीची होती.

म्हणून असं करा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी, त्याच काट्यावर, त्याच जागी उभ्या राहा. फरशी बदलली की काटा बदलतो. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहा, दुधाच्या खाड्यांशेजारी. त्या दिवशी त्याच्याकडे बघून काही ठरवू नका. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढा. आणि ही सरासरी मागच्या आठवड्याशी ताडू नका, चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडा, म्हणजे पाळीचा फेरा सारखा येईल. पाळी अनियमित झाली असेल तर सहा आठवडे धरा.

माझ्या त्या दहा आठवड्यांचे आकडे सुदैवाने लिहिलेले होते. सरासरी काढली तर पहिल्या चार आठवड्यांत चारशे ग्रॅम उतरलेच होते. खरं थांबणं सहा आठवड्यांचं होतं.

काट्यापेक्षा मी टेपवर विश्वास ठेवते, धंदाच आहे. पण कंबर मोजायला बायका साडी जिथे खोचतात तिथे टेप लावतात, ते चूक. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड चाचपा, त्यांच्या मधोमध टेप लावा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मग वाचा. ब्लाउजचं माप घेताना आम्ही टेपमध्ये दोन बोटं घालतो, इथे ती घालायची नाहीत, आणि टेप कातडीत रुतवायचाही नाही. आरशासमोर उभ्या राहा, टेप पाठीमागे खाली घसरलेला असतो, हमखास. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. काटा थांबलाय आणि कंबर अर्धा इंच कमी भरतेय, तर गप्प बसा, चाललंय ते बरोबर चाललंय.

चार ते सहा आठवडे सरासरीही हलली नाही आणि टेपही हलला नाही, तर मात्र थांबलं म्हणायचं. त्याचा अर्थ एकच: तुम्ही जितकं खर्चता तितकंच खाताय. समीकरण काहीही म्हणो, ते दहा टक्के इकडेतिकडे असू शकतं. तुमचे ते सहा आठवडे हेच तुमचं खरं माप.

सात दिवस सगळं तोला

यावर मी भाचीशी वाद घातला. ती पुण्यात आहारशास्त्र शिकते. मी म्हणाले, मी १२०० च्या वर एक घास घेत नाही. तिने मला १९९२ च्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेला. "आम्ही १२०० हून कमी खातो तरी उतरत नाही" म्हणणाऱ्या दहा जणांना त्यात नीट तपासलं. त्यांचं चयापचय व्यवस्थित होतं. जे खाल्लं होतं त्यापेक्षा ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. लबाड नव्हते, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. मी चिडले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरासाठी छोटा डिजिटल काटा घेऊन आले.

सात दिवस, कच्चं धान्य आणि पीठ तोलून, तेल मोजून. कायमचं करायचं नाही, वेड लागेल. सातच दिवस.

पहिली सापडली चपाती. कागदावर फुलका होता, ८० कॅलरींचा. आमच्याकडे घडीची चपाती होते. माझी एक चपाती ३५ ग्रॅम पिठाची, घडीत आणि वरून मिळून अर्धा चमचा तेल: १४०. दुपारी एकच खायचे, पण लिहायचे ८०.

मग तेल. रोजचं किती ते कोणालाच सांगता येत नाही, कढईत धार पडते. त्याला मी डब्याचा हिशोब काढला, हा घरात कोणालाही करता येईल. पाच लिटरचा डबा उघडला त्या दिवशी त्यावर तारीख टाका, संपेल त्या दिवशी दिवस मोजा. आमचा अठरा दिवसांत संपला, माणसं सात. पाच लिटर तेल साडेचार किलोच्या आसपास भरतं. भागाकार केला तर माणशी रोज ३६ ग्रॅम. तेलाच्या ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे माणशी रोज सव्वातीनशे. त्यात पोरांच्या पुऱ्या, दिरांची भजी आहेत, म्हणून माझ्या वाट्याला निम्मंच धरलं, तरी भाजी-आमटीतून १६०. मी लिहीत होते दोन चमचे, ९०.

तिसरा शेंगदाण्याचा कूट. आपल्याकडे कूट हा मसाला समजला जातो, खाणं नाही. भेंडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्यात तर कूटच, आणि म्हाद्या केला की नुसते शेंगदाणेच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पावणेसहाशे कॅलरी असतात. कोशिंबिरीतला एक भरलेला पोह्याचा चमचा माझ्या काट्यावर नऊ ग्रॅम भरला: पन्नास. वहीत त्याची नोंदच नव्हती. ओल्या खोबऱ्याचंही तेच, शंभर ग्रॅमला साडेतीनशे.

चौथा चहा. गिऱ्हाईक बसलं की चहा येतो, त्यांना एकट्याने पाजणं बरं दिसत नाही. अर्धा कप, साखर घातलेला, पन्नास.

साठ, सत्तर, पन्नास, पन्नास. दोनशे तीस. मी रोज १४३० खात होते. आणि ५९ किलोला माझा खर्च, आठवड्यातून चार दिवसांचं चालणं मिळवून, १४२० च्या आसपास. थांबणारच. पेढ्याला मी हातसुद्धा लावला नव्हता, नुसत्या कूट-तेलाने घालवलं. पाडव्यानंतरचे पहिले महिने हात आवळलेला होता, म्हणून पाच किलो गेले; मग तो चमच्या-चमच्याने सैल पडत गेला, ते मला कळलंही नाही.

उपासाचं वेगळं सांगायला हवं, कारण माझे मार्गशीर्षातले गुरुवार त्यातच गेले. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. साबुदाण्याच्या खिचडीची आमची एक ताटली तोलली: साबुदाणा सत्तर ग्रॅम, कूट पंचवीस, तूप दोन चमचे, बटाट्याच्या चार फोडी. पाचशेच्या वर. दिवसभराच्या माझ्या खाण्याचा चाळीस टक्के भाग, आणि प्रथिनं नावाला. आता वरीचा भात, ताक आणि उकडलेलं रताळं खाते. देवाची तक्रार आलेली नाही.

एकत्र कुटुंबात आपल्यापुरतं वेगळं शिजवणं जमत नाही, तसं केलं तर बोलणी बसतात. मी केलेले बदल इतकेच. सकाळीच दिवसाचं तेल एका भांड्यात काढून ठेवते, सात माणसांना १५० मिली, त्यात भागवायचं. डबा आता महिनाभर पुरतो. पहिले आठ दिवस सासरे म्हणाले, भाजी रुसलीय का? नंतर कोणी काही बोललं नाही. कालवण वाढून घेताना वरची तर्री सोडून डाव खाली घालते. चपातीच्या जागी दुपारी ज्वारीची भाकरी, तिला तेल लागत नाही. पण भाकरीसुद्धा तोला, आमच्या सासूबाईंची एक भाकरी ऐंशी ग्रॅम पिठाची असते, पावणेतीनशेची! माझी पन्नास ग्रॅमची. कूट चमच्याने मोजून. दुकानात बिनसाखरेचा चहा, आधी तोंड वाकडं झालं, आता साखरेचा घशाखाली उतरत नाही.

कमी कॅलरीत पोट भरायचं तर प्रथिनं वाढवावी लागतात. वजनाच्या किलोला एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे माझे साठच्या पुढे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. आपल्या जेवणात ते आपोआप होत नाहीत, आमटी पातळ असते. माझा दिवस असा असतो: सकाळी दोन अंडी, बारा ग्रॅम. दुपारी कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचं घट्ट कालवण, कच्चा घेवडा चाळीस ग्रॅम, नऊ. भाजीत पंचवीस ग्रॅम सोयाचे वडे भिजवून पिळून, तेरा. मोठी वाटी दही, सात. रात्री मटकीची उसळ, सात. भाकरी-दुधाचे दहा-बारा. साठाच्या जवळ गेले. रविवारी कोंबडी असते, त्या दिवशी हिशोब सोपा. घेवड्याने पहिले चार दिवस पोट फुगेल, हिंग घाला.

चालणं

जिममधल्या पट्ट्यावर "३०० कॅलरी" दिसायच्या. त्या यंत्राला माझी उंची माहीत नाही, बहुतेक वेळा वजनही माहीत नसतं. सपाट रस्त्यावर किलोमीटरला आपल्या वजनाच्या निम्म्या कॅलरी धरा, ५९ किलोला तीस. पडून राहिलो असतो तरी लागल्या असत्या त्या यात नाहीत, म्हणून १.२ च्या आकड्यात बिनधास्त मिळवता येतात.

दहा हजार पावलांची गोष्टही मापाची आहे. माझं पाऊल साठ सेंटिमीटरचं, दहा हजारांत सहा किलोमीटर. जावेचे जवळपास सात. ती माझ्याबरोबर चालते तेव्हा मी पळते.

आधी आठवड्यातून चार दिवस चार किलोमीटर होत होतं, रोजची सरासरी सत्तर कॅलरी. आता सहा दिवस पाच किलोमीटर, सरासरी १३०. त्यातले दोन दिवस साताऱ्यातल्या चार भिंतींच्या टेकडीकडे किंवा अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढावर, चढाचे वेगळे मिळतात पण ते मी मोजत नाही, ती माझी माया. खर्च १४८० झाला, खाणं १२८० वर ठेवलं. पुन्हा दोनशे हातात आले, आणि डोळ्यांपुढे अंधारी नाही.

आठवड्यातून दोनदा पाठीला लावायची पिशवी पुस्तकांनी भरून उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या कॅनने हात. वीस मिनिटं. कमी खाताना स्नायू झिजू नयेत म्हणून. नवीन व्यायामाने पहिले दोन-तीन आठवडे स्नायूंत पाणी धरतं आणि काटा वर जातो, घाबरू नका.

डॉक्टर, आणि किती उतरवायचं

सहा आठवडे तोलून-मोजून खाल्लं आणि तरी काही हललं नाही, किंवा थकवा, केस गळणं, पाळी बिघडणं, थंडी वाजणं असं काही असेल, तर रक्त तपासा: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा त्रास, असेल तर ते डॉक्टरांना सांगा. माझं थायरॉइड व्यवस्थित निघालं, मला जरा निराशाच वाटली. हिमोग्लोबिन मात्र साडेदहा, बाईचं बारा तरी हवं. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या आणि चढावरचा दम कमी झाला.

बुटक्या बायकांचं ध्येयही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मापाचं असतं. कोणी म्हणतं ४५, कारण लग्नात ४५ होतं. आपल्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १४७ सेंटिमीटरला २३ म्हणजे पन्नास किलोला जरा कमी, २५ म्हणजे ५४. कंबर ८० सेंटिमीटरच्या आत. मी ठरवलंय ५४, तिथे पोचल्यावर पुढचं बघू. माझी कंबर ९१ वरून ८४ वर आली आहे. गिऱ्हाइकांचे ब्लाउज आत घेताना मी नेहमी सांगते, जास्तीचं कापड कापू नका, आत राहू द्या. माझ्याही ब्लाउजांत ते आहे.

लग्नसराईत मी पंधरा दिवस तूट बंद ठेवली. खर्चाइतकं खाल्लं, १४५० च्या आसपास, रात्री एकपर्यंत मशीन चालत होतं, त्यात उपाशी राहणं परवडलं नसतं. वजन सहाशे ग्रॅमने वर गेलं आणि दहा दिवसांत परत खाली आलं. तीन-चार महिन्यांनी असे पंधरा दिवस घ्यायला हरकत नाही, फक्त कॅलेंडरवर सुरू आणि बंद अशा दोन्ही तारखा आधीच लिहून ठेवा.

परवाची सरासरी ५६.१ आली. नवा कागद मशीनच्या वर टाचणीने लावलाय: १०९९, गुणिले १.२, १३१९, चालण्याचे १२०, खर्च १४४०, खायचे १२५०. गौरी-गणपतीआधी पुन्हा माप.

काल दुपारी जाऊ दुकानात आली. ती मार्गशीर्षापासून ६३ वर अडकली आहे, अजून तोच १२०० चा छापील कागद फ्रिजला चिकटवून. स्टुलावर बसली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्या त्या वहीत माझंही काढून द्या ना." मी तिला चपला काढून भिंतीला उभी केली आणि खडू घेतला. तिच्या डोक्यावर खूण करायला मला त्याच स्टुलावर चढावं लागलं.